दोन अंशांजवळचा उंचवटा

३ फेब्रुवारी, सोमवार

मशीनची गळती सापडली. पंधरा दिवस शोधत होतो. मी स्पिरिटचा बोळा एकेका जोडावर फिरवत होते, कदम सर मीटरवर डोळा ठेवून. मागच्या काचेपाशी बोळा गेला, काटा उडाला आणि सर ओरडले, "थांबा! तिथंच थांबा!" मी बोळा धरून तशीच उभी. खोलून बघितलं तर रबरी रिंगवर केस. एक केस. लांब, म्हणजे माझाच. सर हसले. "सुमनबाई, उद्यापासून डोक्याला रुमाल."

एका केसाएवढ्या फटीतून इतकी हवा आत येते की पंप दिवसभर ओढून हरतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

स. ९ ला पंप सुरू. दु. ३ पर्यंत काटा खाली, खाली, अजून खाली. सर म्हणले, आत जेवढी हवा होती तिचा फार तर अब्जावा हिस्सा उरला असेल आता.

हे मशीन पुण्याचं. सर तिथं पीएच.डी. करत होते, ती अर्धी राहिली. मशीन तिथून भंगारात निघालं तेव्हा सरांनी मागून घेतलं आणि टेम्पोत घालून केजला आपल्या कॉलेजात आणलं. लेथवाले रशीदचाचा आमचं सगळं घडवून देतात. त्यांनी पहिल्यांदा हा स्टीलचा डबा बघितला तेव्हा म्हणले, "ये तो बिर्याणी की डेग है बाई. दोनशे लोगां जेवतील." आज त्या डेगीत काहीच नाही. काचेतून आत बघितलं. कालच्यासारखंच दिसत होतं. तरी बघत राहिले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज ऐकलं.

लिथियमची पेस्ट सुईच्या टोकाएवढ्या तारेवर लावलेली. तार तापवली की लाल टिकली दिसते. तिच्यातून आयन निघतात. आयन म्हणजे एक इलेक्ट्रॉन हरवलेला अणू. बॅटरीच्या जोरावर ते सरळ रेषेत पुढं जातात. समोर एक फिरता आर्म, त्याच्या टोकाला डिटेक्टर. सरांनी त्याला टेपरेकॉर्डरचा जुना स्पीकर जोडला. आर्म बराच बाजूला फिरवला.

टिक.

मग बराच वेळ काही नाही. मग टिक, टिक.

"हा एक आयन," सर म्हणले.

"एक म्हणजे?"

"एक म्हणजे एक. एकच अणू येऊन धडकला."

मी बारावी सायन्स. बी.एस्सी.चं एक वर्ष केलं, मग लग्न. हे गेल्यावर यांच्या जागी परिचर म्हणून लागले, त्याला नऊ वर्षं झाली. फळ्यावर काढलेला अणू लई वेळा पुसला. आज ऐकला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांनी आज नीट सांगितलं काय करायचंय ते. लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

लिथियमच्या वाटेत आर्गॉन सोडायचा, अगदी विरळ. आर्गॉन आपल्या हवेतच असतो, प्रत्येक श्वासात आत जातो आणि तसाच बाहेर येतो. कुणाशी जोडला जात नाही. म्हणून त्याला राजवायू म्हणतात. पण लिथियमचा आयन जवळून गेला की त्याच्या विजेच्या भारामुळं आर्गॉनचे इलेक्ट्रॉन जरा त्या बाजूला सरकतात, आणि आयन ओढला जातो. फार जवळ गेला तर उलट ढकलला जातो. किती वाकला ते कोनावरून कळतं. कोन बदलत जायचं आणि प्रत्येक कोनाला टिकटिक मोजायची. एवढंच.

नांदूरघाटला घरी आल्यावर आत्याबाईंना सांगितलं. माझ्या सासूबाई त्या. शाळेत गेल्या नाहीत पण प्रश्न सोडत नाहीत.

"कोनालाच शिवत न्हाई म्हनती?"

"नाही. राजवायू ना."

"राजा हाय म्हनून शिवत न्हाई व्हय. हां." लसूण सोलत होत्या. थोड्या वेळानं, "आन मंग त्याच्या जवळून कुनी गेलं तर?"

"तर ओढतो थोडा. लांबूनच."

"ओढतो व्हय!" लई हसल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बारावीची परीक्षा सुरू. काल आणि आज मी बाकांवर नंबर टाकायला. प्राचार्य साहेब म्हणले, "त्या डब्यापाशी दोन दोन माणसं कशाला लागतात?" सर म्हणले, कॉम्प्युटरचं कार्ड जळालंय, आकडे हातानंच उतरवावे लागतात, आणि बाईंइतकं नीट कुणी उतरवत नाही. साहेब: "परीक्षा होईपर्यंत साडेनऊनंतर बाई इकडं द्या. पुढचं पुढं बघू."

म्हणजे सकाळी माझ्याकडं साडेसात ते साडेनऊ, नंतर बाक.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आर्गॉन सोडला. दिसत काही नाही. रंग नाही, वास नाही. फक्त टिकटिक वाढली. बाजूच्या कोनाला आधी मिनिटाला दहा-बारा होती, आता पन्नासच्या वर. आपल्याला दिसत नाही अशी वस्तू आपल्याला दिसत नाही अशा वस्तूला वळवते आणि आपल्याला ऐकू येतं! अंगावर काटा आला. सरांना सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पद्धत: आर्म पाव अंश फिरवायचा. काउंटर एक मिनिट चालतो आणि थांबतो. आकडा उतरवायचा. असे दहा आकडे. मग आर्गॉन बंद करून पुन्हा दहा, म्हणजे नुसत्या मशीनचे किती ते कळतं. वजाबाकी. मग पुढचा पाव अंश.

थंड पाण्याची वानवा. पंपाला पाणी लागतं, नळाला तीन दिवसांआड येतं. सरांनी कूलरची मोटर ड्रममध्ये टाकून तेच पाणी फिरवत ठेवलंय. अकरानंतर ड्रम कोमट होतो, मग काटा वर चढतो. सकाळचं तेवढंच खरं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवजयंतीची सुट्टी, तरी आम्ही दोघं गेलतो. आज सरांनी आकडे कागदावर टिपले. आकडे सरळ उतरत नाहीत. साडेतीन अंशांजवळ चढतात आणि मग एकदम पडतात. डोंगराच्या कड्यासारखं.

सरांनी ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवली. मग म्हणले, "सुमनबाई, हे इंद्रधनुष्य आहे."

मला वाटलं थट्टा.

थट्टा नव्हती. लांबून जाणारा आयन थोडा वाकतो, जवळून जाणारा जास्त, अजून जवळून जाणाऱ्याला ढकलणं सुरू होतं म्हणून परत कमी वाकतो. म्हणजे ओढीनं वाकायची एक हद्द आहे. त्या हद्दीपाशी पुष्कळ आयनांची गर्दी होते. पावसाच्या थेंबात सूर्याचे किरण तसेच एका कोनाला गर्दी करतात. गणित तेच. आकाशात जे अर्ध्या जिल्ह्यावर पसरतं तेच इथं एका अणूभोवती.

आणि ती गर्दी कुठल्या कोनाला आहे त्यावरून आर्गॉनची ओढ किती, ते काढता येतं.

एस.टी.त खिडकीशी बसून आले. मांजरसुंब्याकडच्या डोंगरांवर लहानपणी बघितलेलं आठवत होतं. लिंबागणेशच्या जत्रेहून परत येताना आख्खी कमान दिसली होती, आई म्हणाली होती बोट दाखवू नको. आज मी कागदावर बोट ठेवलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन अंशांजवळ अजून एक उंचवटा आहे. लहान. पण आहे.

सरांना दाखवला. म्हणले, तिथं सरळ येणाऱ्या झोताची कड लागत असणार. झोत ज्या फटींतून येतो त्या आपल्या तेवढ्या बारीक नाहीत.

"बारीक कशासाठी लागतात सर?"

मग सांगितलं. मोठ्या इंद्रधनुष्याच्या आत कधीकधी फिकट पट्टे दिसतात. एकाच कोनाला दोन वाटांनी पोचता येतं, लांबच्या आणि जवळच्या. आयन नुसता गोळा नाही, लाट पण आहे. दोन्ही वाटांच्या लाटा कुठं मिळतात, कुठं एकमेकींना मारतात. त्यामुळं आत बारीक चढउतार होतात.

"पण आयन गेला कुठल्या वाटेनं?"

"तसं विचारायचंच नाही. दोन्ही वाटा मिळून ठरतं."

एकच होता ना तो? एकच टिक झाली ना?

सर म्हणले, "हो. म्हणून तर." आणि चहाला गेले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सरांनी पुण्याच्या मॅडमना पाठवायला आलेख काढला. या मॅडम सरांच्या जुन्या गाईड, आता निवृत्त, पण सरांना पीएच.डी. पुरी करायला त्यांनीच पुन्हा उभं केलंय. आलेखात दोन अंशांजवळ सरांनी गुळगुळीत रेघ मारली. माझे ठिपके रेघेच्या वर राहिले, तीन ओळीनं.

मी म्हणाले, "सर, हे ठिपके?"

"इकडचं तिकडचं होतंच, बाई."

इकडचं तिकडचं असतं तर एक वर, एक खाली झालं असतं. तिन्ही वर कावून? पण बोलले नाही. परिचर आहे मी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहायला हात धजत नाही.

आर्मच्या गिअरला खेळ आहे. चाक उलटं फिरवलं की थोडा वेळ आर्म हलतच नाही, नुसतं चाक फिरतं. म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नेहमी लहान कोनाकडून मोठ्याकडं यायचं, कधी उलटं नाही.

१८ आणि १९ ला वेळ वाचवायला मी उलटी आले. साडेचारवरून खाली. वहीत वेळा बघताना आज लक्षात आलं. म्हणजे ते सगळे कोन चुकीचे, निदान पाव-अर्ध्या अंशानं. आणि दोन अंशांजवळचे तिन्ही ठिपके त्याच दिवसांचे.

ज्या उंचवट्यासाठी मी सरांशी मनातल्या मनात भांडत होते तो बहुतेक मीच तयार केला.

सर उद्या नाही, परवा येणार. आलेख पुण्याला गेलाय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. सकाळी, पंप सुरू करायच्या आधी. वही पुढं ठेवली, वेळांवर बोट ठेवलं.

सरांचं तोंड उतरलं. कुठले कुठले आकडे ते विचारलं. मी सांगितलं. मग खिडकीत जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता म्हणतील, उद्यापासून ऑफिसात जा.

म्हणले, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

"हो सर."

"मी पुण्यात असताना एकानं असंच केलतं. त्यानं सांगितलं नाही. दोन वर्षं गेली आमची." मग खुर्ची ओढून बसले आणि मॅडमना फोन लावला. माझ्यासमोरच. माझं नाव घेतलं नाही, "आमच्याकडून चूक झाली" म्हणले. आमच्याकडून.

घरी आल्यावर जेवले आणि लई दिवसांनी लवकर झोपले.

३ मार्च, सोमवार

रशीदचाचा आले. डब्याबाहेरचा गिअर काढून कानाजवळ नेऊन हलवला. "इतना खेळ? इसमें तो बकरी बांध सकते." दोन दिवस घेऊन गेले. एक बारीक स्प्रिंग घालणार म्हणे, दातांना कायम एका बाजूला ओढून धरणारी.

जाताना विचारलं, "बाई, तुम लोगां आखिर क्या नापते? वजन?"

"ओढ नापते चाचा. एका अणूची."

"दिखती?"

"नाही. ऐकू येती."

मग त्यांना ऐकवलं. आर्गॉनची टिकटिक. टोपी काढून हातात धरली आणि उभ्यानं ऐकत राहिले. म्हणले, "सुभानल्ला." एवढंच. पैशाचं विचारलं तर हातानंच नको म्हणले.

१० मार्च, सोमवार

सगळं पहिल्यापासून. स. ७.१५ ला हजर. एकाच बाजूनं. प्रत्येक कोनापुढं आता मी बाण काढते, कुठून आले त्याचा.

मोठा उंचवटा आहे. साडेतीनलाच. आधीपेक्षा टोकदार. चाचांच्या स्प्रिंगची कमाल.

दोन अंशांजवळ अजून गेले नाही. मुद्दाम वरचे कोन आधी संपवले. भीती वाटते.

१३ मार्च, गुरुवार

आहे.

आधीइतका नाही. निम्मा असेल. पण तीन दिवस, तिन्ही दिवस आहे. मी वही सरांपुढं सरकवली. त्यांनी बेरजा केल्या, वजाबाक्या केल्या, आर्गॉन नसतानाचे आकडे पुन्हा बघितले. कागदावर ठिपके टिपले. या वेळी रेघ मारली नाही.

"तुमचं पूर्ण नाव कसं लिहिता?" विचारलं.

"कशाला सर?"

"हे कधी छापलं तर आकडे कुणी घेतले ते लिहावं लागतं."

सुमन भीमराव वाघमारे. मी सांगितलं. सरांनी लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं.

१७ मार्च, सोमवार

सर शनिवारी पुण्याला जाऊन आले. मॅडमनी माझी वही बघितली म्हणे, आलेख नाही, वही. बाण कशाचे ते विचारलं. मग म्हणाल्या, व्होल्ट अर्धे करा.

आत्ता आयनांना दहा व्होल्टचा जोर आहे. पाच केला तर आयन हळू जातील, आर्गॉनला ओढायला जास्त वेळ मिळेल, जास्त वाकतील. मोठा उंचवटा साडेतीनवरून सातच्या जवळ सरकायला पाहिजे. जोर अर्धा, कोन दुप्पट. लहान उंचवटा खरा असेल तर तोही सरकून चारच्या आसपास जाईल. झोताची कड किंवा फटीचा दोष असेल तर दोनलाच बसून राहील, कारण फट काही हलत नाही.

किती साधं. विचारायचं कसं ते कळलं की आर्गॉन उत्तर देतो.

१९ मार्च, बुधवार

तार जळाली. लाल टिकली एकदम पांढरी झाली आणि विझली. डबा उघडला. दीड महिन्याचं रिकामपण एका सुस्काऱ्यात गेलं. हवा आत शिरते त्याचा आवाज होतो, माहीत नव्हतं.

२५ मार्च, मंगळवार

नवी तार मी केली. सरांचा हात थरथरतो म्हणून. पेस्ट रांगोळीच्या चिमटीसारखी घ्यायची, लावायची, वाळवायची, पुन्हा. डोक्याला रुमाल, तोंडाला रुमाल. तिसऱ्या वेळी जमली.

पाच व्होल्टला झोत फिसकटतो. आयन हळू असले की कशानंही वळतात, जवळच्या लोखंडानं, टेबलावर साठलेल्या विजेच्या भारानं. सरांनी डब्याला आतून तांब्याचा पत्रा लावला. दिवस जातायत. ड्रमचं पाणी आता दहालाच कोमट. मी घरून येताना कळशीभर माठाचं पाणी आणते, ड्रममध्ये ओतते. आत्याबाई म्हणतात, "लोकं देवाला पानी घालत्यात, तू डेगीला घाल." पण कळशी त्याच भरून ठेवतात.

१ एप्रिल, मंगळवार

सात!

पावणेसात अंशांपासून चढायला लागला. सव्वासातपर्यंत डोंगर, मग कडा. तोच कडा. मी आकडे उतरवत होते आणि उतरवतानाच कळत होतं. दोनशे सात. दोनशे एकोणीस. दोनशे चाळीस. टिकटिक ऐकून पण कळत होतं, जोंधळे पाखडल्यागत.

सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. शाळेत राष्ट्रगीताला राहतात तसे. मी पण उठले. का ते माहीत नाही.

आपण इथं केजात एक बटण फिरवलं आणि एका अणूनं दुसऱ्याला जसं वळवायला पाहिजे तसं वळवलं. कुणी बघत असो नसो तो असंच वळवत आलाय. पृथ्वी नव्हती तेव्हापासून. आणि आज मिनिटाला दोनशे चाळीस वेळा आम्हाला सांगत होता.

घरी आले. आत्याबाईंनी तोंडाकडं बघून विचारलं, "काय गावलं का?" मी नुसती मान हलवली.

४ एप्रिल, शुक्रवार

आता लहान उंचवटा. दीडपासून पाचपर्यंत, पाव पाव अंश. पहिली फेरी झाली.

दोनला सपाट. चारला उंचवटा.

सर लहान पोरासारखे हसले. मॅडमना फोन. "सरकला, मॅडम, सरकला!" मला पेढे आणायला पाठवणार होते, मीच म्हणाले दुसरी फेरी होऊ द्या.

५ एप्रिल, शनिवार

प्राचार्य साहेबांची चिठ्ठी. मंगळवार दि. १५ पासून मी ऑफिसात, कायमची. प्रयोगशाळेला कंत्राटी माणूस मिळणार. सर भांडायला गेलते. परत आले. नंतर: "बघू म्हणलेत."

८ एप्रिल, मंगळवार

दुसरी फेरी. चारला काहीच नाही. सपाट. सर म्हणले, पाणी गरम होतं, आर्गॉनचा दाब हलला असेल.

असेल.

९ एप्रिल, बुधवार

वही घेऊन बसले. पहिल्या फेरीचं पान. नियम असा की मोजता मोजता व्होल्टेज पडलं, दिवे मिणमिणले की ते मिनिट खोडायचं आणि पुन्हा घ्यायचं. खोडलेले आकडे मी पुसत नाही, वर रेघ मारते. म्हणून आज वाचता आले.

चार अंशांजवळ सात मिनिटं खोडलीत. सातही आकडे कमी होते. इतर कोनांना खोडलेल्यांत काही जास्त, काही कमी. दिवे मिणमिणले होते हे खरं. पण आकडा मोठा आला असता तर मला ते मिणमिणणं दिसलं असतं का?

या वेळी चाक नाही चुकलं. मला तो उंचवटा इतका पाहिजे होता की डोळे चुकले.

१० एप्रिल, गुरुवार

सरांना सांगितलं. या वेळी भीती वाटली नाही. मी म्हणाले, सर, तिसऱ्या फेरीत मला कोन सांगू नका. चाक तुम्ही फिरवा, कोनाच्या पट्टीवर कापड टाका, क्रमानं पण घेऊ नका, कसेही घ्या. दर वेळी लहान कोनाच्या बाजूनंच या. तुमच्या कागदावर कोन, माझ्या कागदावर फक्त आकडा आणि अनुक्रम. मला कळायलाच नको मी कुठं आहे.

सरांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणी नाही.

"मोठ्या ठिकाणी असंच करतात," म्हणले. मग, हळू: "मला पण तो पाहिजे आहे, बाई. मी पण आकड्यांकडं बघणार नाही. पाठ करून उभा राहतो."

१२ एप्रिल, शनिवार

दोन दिवसांत तिसरी फेरी पुरी. स. ६.३० पासून. सर माझ्याकडं पाठ करून चाक फिरवायचे, "हां" म्हणायचे, मी काउंटर सुरू करायचे. सकाळभर दोघांत "हां" सोडून शब्द नाही. स्पीकर पण बंद ठेवला. दिवे मिणमिणले तर खोडायचं की नाही ते सर ठरवायचे, आकडा न बघता.

पंधरा अनुक्रम. प्रत्येकाला दहा मिनिटं आर्गॉनची, दहा नुसत्या मशीनची.

सरांनी त्यांचा कागद पाकिटात घालून स्वतःच्या खिशात ठेवला. माझा माझ्याकडं. दोन्ही एकत्र मंगळवारी, जयंतीची सुट्टी झाल्यावर. त्याच दिवशी मी साडेदहाला ऑफिसात हजर व्हायचंय. सर म्हणले, "साडेसातला या. आधी हे."

१३ एप्रिल, रविवार

नांदूरघाट. उद्या जयंती. वस्तीत निळ्या पताका लागल्या, समोरच्या पारावर पोरी लेझीम बसवतायत. आत्याबाईंनी पांढरं लुगडं उन्हात टाकलंय. दोनदा विचारून गेल्या, "आज सुट्टी हाय ना तुला? मंग काय लिहिती?"

वजाबाक्या करतेय. अनुक्रम एकपासून पंधरापर्यंत. कोन माहीत नाहीत, म्हणून कुठलाच आकडा चांगला नाही, कुठलाच वाईट नाही. असे आकडे मी पहिल्यांदाच बघतेय. आर्गॉननं लिहिलेले, माझं काही न मिसळलेले.

मोठ्यापासून लहानाकडं लावून बघितले तर बहुतेक सगळे सारख्या पायऱ्यांनी उतरतात. फक्त अनुक्रम अकरा. तो बसत नाही. त्याच्या खाली एक पायरी रिकामी राहते आणि तो वरच्याला जाऊन चिकटतो. तीन वेळा बेरीज केली.

अकरावा कुठल्या कोनाचा ते सरांच्या खिशात आहे.